धोंड्याचे जवाई

आमच्या वर्ध्यात पोराले नावं ठेवाची असली तर शब्दांची काही कमी नाई. पोरगं हळू बोललं, बायल्या. हात हलवत चाललं, मामू. क्रिकेट सोडून दारात रांगोळी काढत बसलं, पावली कम. अन् एवढ्यावर कोणाचं पोट नाई भरलं तर छक्का आहेच. तो शब्द तर शेंबडी पोट्टीही चौकात एकमेकाले फेकून मारतात, अर्थ माहीत असो का नसो.

पण पोरीचं मन पोरीवर बसलं तर? सांगा बरं एखादा शब्द. नाई ना सुचत? मलेही नाई सुचला, अन् मी काही तोंडाची कमी फाटकी बाई नाई. बाईसाठी शिव्या पोत्यानं आहेत, पण त्या साऱ्या पुरुषापायी. नवरा मेला तर एक, नवरा भेटलाच नाई तर दुसरी, दुसऱ्याच्या नवऱ्यासंग हसली तर तिसरी. मलेच पाहा. माह्या नवऱ्याची दारू अन् त्याचा हात, दोन्ही सोसेनासे झाले तवा मी भर दुपारी डोक्यावर ट्रंक घेऊन स्वतःच्या पायानं निघून आली. टाकलं मी त्याले. पण टाकलेली कोण? मीच! तो मरेपर्यंत मिशीले पीळ देत गावात फिरला, त्याले कोणी टाकलेला म्हटलं नाई. नालवाडीत शेवया-कुरडया विकून मी घर बांधलं, तरी कोपऱ्यावरच्या बाया अजून त्याच नावानं माह्या घराचा पत्ता सांगतात.

तर सांगाचं काय, बाईचं मन पुरुषाले सोडून कुठी जाऊ शकते हे आमच्याकडं कोणाच्या डोक्यातच आलं नाई, म्हणून त्याले शब्दही पडला नाई. अन् माह्या भाचीनं, चारुतानं, हीच मोठी पंचाईत करून ठेवली.

चारुता म्हणजे माह्या लहान भावाची, हरिभाऊची धाकटी पोरगी. पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत आहे. केस कानाच्या वर, अंगात जीन, अन् चालणं असं का रस्ता हिच्याच बापानं बांधला. तिथी ती सुरभी नावाच्या पोरीसंग राहते. भाडं अर्धं-अर्धं करून पोरी राहतात तसं नाई. नवरा-बायको राहतात तसं. हे घरातल्या घरात माहीत होतं: हरीले, वहिनीले, मोठी पोरगी मोहिनीले अन् मले. म्हणजे मोहिनीले माहीत तर तिच्या नवऱ्याले, सचिनलेही माहीत. अन् सचिनले माहीत तर मंग हरी राहते त्या साऱ्या पिपरी मेघेले माहीत.

झालं, शब्द शोधणं सुरू झालं. हरीच्या शेजारच्या बाया म्हणत, "तिचं ते तसलं आहे म्हणे." तसलं म्हणजे कसलं, हे एकीलेही सांगता येईना. सचिननं मोबाइलवर पाहून 'लेस्बो' शिकून आणला अन् नवी गाडी दाखवावी तसा चार जणांत काढून दाखवला. मोहिनी शाळेत शिकवते. तिच्या शाळेत कोण्या संस्थेनं शिबिर घेतलतं. ती म्हणे, "आत्या, आदरानं बोला लागते. एलजीबीटीक्यू म्हणाचं."

मी म्हटलं, "एवढी सारी अक्षरं एकट्या चारुताले लावता का वो?"

तर क्यूच्या पुढचं तिलेही आठवेना. म्हणे पुढं अधिकचं चिन्ह आहे. बाप्पा! एका पोरीले नाव द्याले बेरीज कराची पाळी आली.

अन् आमचा हरी? हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवून मुख्याध्यापक होऊन रिटायर झालेला माणूस. पोरायच्या वहीत 'रूम' दिसलं तर लाल पेनानं खोडून 'खोली' लिहिणारा. तो चारचौघांत काय सांगे? "सुरभी चारुताची रूममेट आहे." बस. मराठीच्या मास्तराले स्वतःच्या पोरीपुरती मराठी पुरली नाई.

एक दिवस चारुताचा मले फोन आला. औंदा धोंड्याचा महिना जेठात आलता, अन् वहिनीनं दोघीयले जेवाले बोलावलं होतं. आता धोंडा ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. दर तीन वर्षांनी अधिक महिना येते. त्या महिन्यात पोरगी अन् जवाई घरी बोलवाचे, जवायाले पाटावर बसवाचं, त्याचे पाय धुवाचे, पुरणाचं जेवण घालाचं, अनारसे अन् कपडे द्याचे. त्या दिवशी जवाई म्हणजे साक्षात विष्णू. बाकीच्या दिवशी तो कसाही असो, ते विचाराचं नाई.

चारुता फोनवर म्हणे, "आत्या, आईनं बोलावलं म्हणून आमी येऊन राह्यलो. पण मले आता रूममेट ऐकून घेणं जमत नाई. किती वर्षं झाली. सुरभी बिमार पडली तर मी रात्र-रात्र दवाखान्यात बसते, अन् घरी येते तर बाबा तिची ओळख अशी करून देतात का ती माह्याकडं गॅसचं सिलेंडर वापराले येते. यावेळी चार माणसांपुढं बाबांनी सांगावं ती कोण आहे ते. कोणत्याही शब्दात सांगावं. नाई सांगितलं तर मी पुन्हा या घरी येणार नाई."

"धमकी देतं का बापाले?"

"नाई आत्या. धमकी द्याले अंगात जोर लागते. मी थकली."

ही पोरगी रागावली तर मी घाबरत नाई, लहानपणापासून पाहून राह्यली. पण ती थकली म्हणते हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी तशीच ऑटो करून हरीकडं गेली अन् जसंच्या तसं त्याले सांगितलं.

हरी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसला. खोटं नाई सांगत. आधी म्हणे 'सहनिवासिनी'. मी म्हटलं, हे वृद्धाश्रमासारखं वाटते. मंग म्हणे 'सहचारिणी'. मंग 'जीवनसखी'. मंग म्हणे, "ताई, 'समभावी सहजीवनातील सोबती' कसं वाटतं?"

मी म्हटलं, "हरी, हे वाक्य संपेपर्यंत लोकांचं जेवण होऊन जाईल."

वहिनी, म्हणजे मनकर्णा, आतमध्ये अनारशाचं पीठ मळून राह्यली होती. तिले ना एलजीबीटी माहीत, ना सहनिवासिनी. ती हात धुवून बाहेर आली अन् म्हणे, "तुमी दोघं मले एवढंच सांगा, पाय कोणाचे धुवाचे?"

हरी म्हणे, "तोच तर प्रश्न आहे ना!"

"कायचा प्रश्न? धोंड्याले पोरीसंग जो येते तो जवाई. आपल्या पोरीसंग सुरभी येऊन राह्यली. तर सुरभी जवाई. त्यात पुस्तक काऊन काढून बसले?"

हरीनं शब्दकोश मिटला. एवढा सरळ हिशोब त्याच्या डोक्यात आला नव्हता. जवाई! घरातलाच शब्द, साऱ्यायले समजणारा. अन् त्या शब्दामागं पाट, परात, तांब्या, सारी व्यवस्था आपोआप येते. लोकांपुढं काही समजावून सांगाची गरजच नाई. हरी इतका खूश झाला का आरशापुढं उभा राहून सराव कराले लागला. "हे आमचे धाकटे जवाई. या, बसा. हे आमचे धाकटे जवाई."

अन् एकदा जवाई ठरला म्हटल्यावर वहिनीनं कपडेही जवायाचेच घेतले. मी होती ना संग दुकानात. शर्टपीस, पँटपीस, टॉवेल अन् टोपी. दुकानदार म्हणे, "जवाईबुवा कसे आहेत अंगानं? किती मीटर देऊ?"

वहिनी म्हणे, "मध्यम आहेत. वेणी कमरेपर्यंत आहे."

दुकानदारानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "पाहून काय राह्यला? काप."

तर तो दिवस आला. जेठाचं ऊन, हॉलमधला कूलर गरम हवा फेकून राह्यला, अन् पाहुणे पेपरानं वारा घेऊन राह्यले. हरीनं मोजकीच माणसं बोलावली होती, पण त्यात किसनदादा होते. किसनराव म्हणजे आमचे वडनेरचे चुलतभाऊ, घराण्यात साऱ्यात मोठे, अन् आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. लग्नाच्या पोरापोरींचे परिचय मेळावे तेच भरवतात. त्यायच्या तोंडून हो निघालं का साऱ्या भाऊबंदकीचं हो. त्यायच्यापुढं सांगितलं म्हणजे गावापुढं सांगितलं. हे हरीले माहीत होतं अन् चारुतालेही माहीत होतं.

दोघी ऑटोतून उतरल्या अन् अंगणात बसलेल्या बायांची जी तारांबळ उडाली, ती पाहाले पायजे होती तुमी. त्यायनं मनात धरून ठेवलं होतं का एक बाईसारखी असंन अन् एक माणसासारखी. केस कापलेली, जीनवाली ती माणूस, हे तर लगेच ठरलं. पण ती तर घरची पोरगी! अन् जवाई म्हणून जी आली ती हिरवं लुगडं, कपाळाले टिकली, लांब वेणी अन् वेणीत मोगऱ्याचा गजरा. एक बाई माह्या कानाशी आली. "पंचफुलाबाई, यातला नवरा कोण वो?"

मी म्हटलं, "कोणीच नाई. म्हणून तर घरात भांडणं कमी आहेत."

तिनं नाक मुरडलं, पण घरी जाले उठली नाई. पुरणाचा वास येऊन राह्यला होता ना.

सुरभीनं वाकून साऱ्यायले नमस्कार केला. नाशिककडची पोरगी, गोड बोलणारी. वहिनीनं शर्टपीस-पँटपीसचं ताट दाखवलं तर चारुता कपाळाले हात लावून हसाले लागली. सुरभी नाई हसली. तिनं कापड हातात घेऊन पाहिलं अन् म्हणे, "छान आहे. मी शिवून घेईन. साइटवर घालायला मला लागतोच." ती बांधकामावरची इंजिनियर आहे. वहिनीचा चेहरा फुलला. तिची खरेदी आजवर जवायाले कधी आवडलीच नव्हती.

इथी आमच्या मोठ्या जवायाचं, सचिनचं, बिनसलं. सचिन सरकारी कचेरीत लिपिक आहे, पण सासुरवाडीत कलेक्टर असते. त्यानं हॉलमध्ये शेजारी-शेजारी मांडलेले दोन पाट पाहिले अन् मोहिनीले बाजूले घेतलं. मी दाराआड होती. मी ऐकाले गेली नव्हती, पण कान काही घरी ठेवून आली नव्हती.

"लोकं काय म्हणतीन? आपली संस्कृती आहे का नाई काही?" असं त्यानं सुरुवातीले म्हटलं. मले वाटलं आता संस्कृतीवर भाषण होते. पण संस्कृती एका वाक्यात संपली. "अन् तिचा पाट माह्या पाटाच्या बरोबरीनं? मी या घरचा पहिला जवाई! तिले चांगल्या कंपनीचा पँटपीस अन् मले मागच्या धोंड्याले काय दिलं? ती टोपी तर माह्या डोक्यातही बसली नाई!"

मोहिनी म्हणे, "अवो, हळू बोला. एलजीबीटीक्यू..."

"ते मले काही सांगू नको. मामाजीयले, तुह्या बाबायले सांग, ती मैत्रीण म्हणून जेवत असंन तर मी बसतो. जवाई म्हणून बसत असंन तर मी चाललो."

अन् तो चालला. म्हणजे कुठी गेला? फाटकाशी टिनाच्या शेडखाली आपल्या मोटारसायकलवर जाऊन बसला. रुसलेला जवाई घरी जात नसते, तो मनवणाऱ्याची वाट पाहत असते. अन् मनवाले दरवेळी हरीच जाते. कधी सोन्याच्या अंगठीपायी, कधी मटणात नळी नाई आली म्हणून, हरीनं या सचिनचे इतके हातपाय जोडले आहेत का मले सांगाचीही लाज वाटते. साऱ्यायच्या नजरा हरीकडं गेल्या. हरीनं एकदा शेडकडं पाह्यलं, एकदा चारुताकडं. अन् तो गेला नाई! तांब्या-परात घेऊन सरळ सुरभीच्या पाटापुढं येऊन उभा राह्यला. चारुता सुरभीच्या शेजारी बसली होती. तिनं पदर नाई म्हणून सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलतं.

किसनदादांनी चष्मा वर केला. "हरी, सचिनराव तर बाहीर हायत. अन् या पोरीले पाटावर काऊन बसवलं? कोन हाय हे?"

हरीनं परात खाली ठेवली. मले वाटलं, आता हा सहनिवासिनी काढते. देवाची शपथ, मी मनात म्हटलं, हरी, फक्त चार शब्द आहेत, बोल रे बावा.

"दादा," हरी म्हणाला, "हे आमचे धाकटे जवाई."

बोलला! माह्या भावानं बोलून दाखवलं! सुरभीनं मान वर केली अन् आजवर काका-काका म्हणणारी ती पोरगी हळूच म्हणाली, "मामाजी, तुम्ही वाकू नका. गुडघे दुखतात ना तुमचे. मीच पाय पुढे करते." आमच्याकडं सासऱ्याले मामाजी म्हणतात, हे तिले चारुतानंच शिकवलं असंन. चारुताच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं अन् ती ते पुसतही नव्हती.

साऱ्यायनं किसनदादांकडं पाह्यलं. दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. अन् म्हणाले, "म्हंजे थे पेपरात येते तसं? दोन पोरींचं?"

"हो दादा."

"मंग एवढं भेऊन काऊन सांगून राह्यला तू? कोर्टानं सांगतलं, गुन्हा नाई म्हणून. म्या वाचलं ना सारं. जमाना बदलला. आपन काऊन मांगं राहाचं?"

मी तर चाटच पडली. शेजारच्या बाया ज्यायनं तोंड वाकडं करून ठेवलं होतं, त्यायनं ते लगेच सरळ केलं. एक तर म्हणे, "मी तर आधीपासूनच म्हणून राह्यली, दोघीयचा जोडा छान दिसते." मोहिनीले एकदम क्यूच्या पुढची अक्षरं आठवली. दादांना तर जोरच चढला.

"हरी, आपल्या समाजात असं जोडपं पह्यलंच हाय. दुसऱ्या समाजात असंन तर मले माहीत नाई, पन आपल्यात पह्यलं. येत्या मेळाव्यात सत्कार करू! शाल, श्रीफळ, अन् दोघीयले स्टेजवर बसवू. पेपरवाले बोलावू. लोकायले कळू द्या, आपला समाज किती पुढं गेला ते. बाकीचे बसतीन तोंड पाहत."

हरी हसून राह्यला, चारुता रडता-रडता हसून राह्यली. वहिनीनं कुंकवाचा करंडा उघडला. मले वाटलं, आजवर या घरात जे-जे गिळलं ते सारं वसूल झालं. शेडखालचा सचिन तेवढा एकटाच घामानं न्हाऊन राह्यला होता.

दादांनी खिशातून मोबाइल काढला. "सत्कारासाठी नाव लिहून घेतो. सुरभी... पुढं? आडनाव काय, बाई?"

सुरभीनं आडनाव सांगितलं.

ते आडनाव मी इथं सांगत नाई. सांगितलं तर तुमीही दादांसारखंच मनात मोजमाप कराले लागसान, वरचं का खालचं, आपल्यातलं का त्यायच्यातलं. दादांचं बोट मोबाइलवर तसंच थांबलं.

"म्हंजे... आपल्यातल्या नाई?"

"नाही," सुरभी म्हणाली. आवाजात काही नव्हतं. जणू पुढचं सारं तिले पाठ होतं.

"मंग कसं जमन?" दादा हरीकडं वळले. रागानं नाई, अगदी समजुतीनं बोलले, त्याचाच मले जास्त राग आला. "हरी, थे दोन पोरींचं ठीक हाय. कायदा हाय. पन समाजाबाहीर? असा जवाई करून घेतला तर उद्या मंडळाले काय सांगू म्या? बाकीच्यांच्या सोयरिकी हायत. आमाले तर मंग पानावर बसता येनार नाई, बावा." अन् खुर्चीचे हात धरून ते उठाले लागले. धोंड्याच्या दिवशी घरातला मोठा माणूस न जेवता निघाला, तर ते घर भाऊबंदकीत संपलं म्हणून समजा. दादा उठले तसे आणखी चार जण उठले.

चारुतानं बापाकडं पाह्यलं. "बाबा?"

एवढंच म्हणाली.

हरीचा चेहरा असा झाला, का पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला. त्यानं तांब्या खाली ठेवला. "अहो दादा, बसा, बसा ना. जवाई म्हणजे... मी सहज गमतीनं म्हणालो. चारुताची मैत्रीण आहे ती. पुण्याला एकत्र राहतात. मैत्रीण आहे, दादा."

"मैत्रीन व्हय!" दादा लगेच खाली बसले. चेहऱ्यावर उजेड पडला त्यायच्या. "मंग आधी नाई का सांगाचं? मैत्रीन कोनत्याही समाजाची असू दे ना. आपन काही भेदभाव पाळत नाई."

सारे हसले. कोणी तरी सचिनले हाक मारली. तो आला, रुमालानं मान पुसत, अन् कोणी न मनवता पाटावर बसला. सुरभीले कोणी ऊठ म्हटलं नाई. ती आपणच उठली, आपला पाट भिंतीले लावून ठेवला, अन् बायांच्या पंगतीत माह्या बाजूले येऊन उभी राह्यली. तिचे पाय कोरडेच होते. हरीनं तांब्या पुन्हा उचलला अन् सचिनचे पाय धुतले.

मी सुरभीले घेऊन सैपाकघरात गेली. मी तिच्यापुढं पाण्याचा गिलास धरला. तर तीच माह्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "आत्या, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या घरी मी चारुताबद्दल सांगितलं, तेव्हा बाबांनीही पहिल्यांदा आडनावच विचारलं होतं. मुलगी आहे, हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलं." अन् ती हसली. मले नाई हसता आलं. मी पदर तोंडाले लावून रडली, चुलीपुढं बसून रडतात तशी, आवाज न करता.

जेवणं सुरू झाली तसं मी हरीले मागच्या अंगणात ओढलं. "काऊन रे? पोरगी पोरीसंग राहते हे तुले गिळता आलं, अन् आडनाव नाई गिळता आलं? मास्तर ना तू? जन्मभर पोरायले समानतेवर निबंध लिहाले लावले ना तू?"

तो खाली पाहून म्हणे, "ताई, मी त्या एका प्रश्नाची तयारी केली होती. हा दुसरा प्रश्न येईल असं मले वाटलंच नाई. दादा उठले अन् तोंडातून निघून गेलं."

"मंग आता आत जा अन् तो शब्द परत घे."

"पंगत बसली आहे, ताई. आता कसं?"

पंगत बसली आहे! मी त्याले जे बोलली ते लिहिण्यासारखं नाई.

दोघी जेवल्या नाईत. जेवलो म्हणून सांगितलं अन् बॅगा भरल्या. वहिनीनं अनारशाचा डबा अन् तो शर्टपीस-पँटपीस सुरभीच्या हातात दिला, अन् कुंकू लावलं. पण नवऱ्यानं भर हॉलमध्ये जे फिरवलं ते एकटीनं उलटं फिरवाचं बळ तिच्यात नव्हतं. ती परत आत वाढाले गेली. हरी मात्र फाटकापर्यंत आला. उन्हात उघड्या डोक्यानं, हातात पुरणाचा वाडगा तसाच.

सुरभीनं वाकून नमस्कार केला. "येते, काका."

मामाजी एकदाच झाला तो. हरीले ते समजलं. पण बोलला काय? "पुढच्या धोंड्याले नक्की येजा दोघीही. तोपर्यंत मी सारं समजावून ठेवतो लोकायले."

चारुता ऑटोत बसली होती. रडून राह्यली नव्हती, रागातही नव्हती. तिनं बापाकडं नीट पाह्यलं, जसं एखाद्या बिमार माणसाले पाहतात.

"मैत्रिणीले कोणी धोंड्याले बोलावते का, बाबा?" ती म्हणाली. "जाते मी."

येते नाई म्हणाली. ऑटो वळला, अन् हरी फाटकाचा कडी-कोयंडा धरून उभा राह्यला. आतून किसनदादा मोठ्यानं विचारून राह्यले होते, भात कुठी राह्यला म्हणून.